घरात दुःख आहे, यंदा नाताळला चांदणी लावायची का? आणि मनाला शांती कशी मिळते, खरं सांगा

जॉबरचा_पोरगा (१४ डिसेंबर)

सगळ्यांना सलाम. मी सोलापूरचा, नोकरी पुण्यात हिंजवडीला. ऑगस्टमध्ये पप्पा गेले, नऊ दिवस आयसीयू आणि मग संपलंच. त्यानंतर मी वर्क फ्रॉम होम घेऊन आईजवळ येऊन राहिलोय.

पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. तसे कमी बोलायचे, चर्चमध्ये पण शेवटच्या बाकावर बसायचे, प्रार्थना करा म्हणलं की दोन वाक्यात आमेन. पण नाताळ आला की माणूस बदलायचा. कामट्या तासून चांदणी स्वतः बनवायचे, विकतची कधी आणली नाही. सांगाडा तोच, कागद दरवर्षी नवा. गच्चीवर बांबूला बांधायचे, आमच्या गल्लीच्या तोंडावरून दिसायची.

तर परवा माळ्यावरून सुटकेस काढायला गेलो आणि तो सांगाडा हाताला लागला. जुन्या चादरीत गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला, आणि गाठ पण त्यांचीच, तुटलेला धागा जोडतात ना मागावर, तशी बारीक. होल्डरला चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, "४० वॅटच लावणे". आता हे कुणासाठी लिहिलं होतं काय माहीत, लावायचे तर तेच. मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो अर्धा तास, आई खालून हाका मारत होती.

आता प्रॉब्लेम असा की शेजारचे म्हणतात यंदा तुमच्याकडे सण नसणार, बरोबरच आहे, वर्ष व्हायचंय. आमचे काका म्हणतात आपल्यात सुतकबितक काही नसतं, ते स्वर्गात आहेत, दणक्यात करा. आणि चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ घरी येऊन आईला म्हणाले की जास्त रडणं म्हणजे विश्वास कमी असणं. आई काही बोलली नाही, चहा दिला त्यांना. पण त्या दिवसापासून ती चर्चला यायचं टाळतेय, गुडघा दुखतो म्हणते. मी जातो पण खरं सांगू का, काही लागत नाही. आगमनकाळाचा (नाताळच्या आधीचे चार रविवार) दुसरा रविवार झाला, शांतीची मेणबत्ती लावली, सगळे गात होते आणि मी डोक्यात हॉस्पिटलचं बिल मोजत होतो. रात्री दोन-अडीचला जाग येते ते सहापर्यंत.

लहानपणापासून ऐकतोय ख्रिस्ताची शांती, ख्रिस्ताची शांती. ती येते म्हणजे नेमकं काय होतं? तुमच्यापैकी कुणाला आली असेल तर साध्या भाषेत सांगा. प्रवचन नको प्लीज. आणि चांदणीचं पण सांगा.

---

प्रभुचा_सैनिक

भाऊ सगळं प्रभूच्या हाती सोडून द्या. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा असं वचन आहे. दुःखाचा आत्मा घरात ठेवू नका. चांदणी लावा, लाइटिंग करा, साक्ष होईल. आमेन.

---

रेल्वेलाइन्सची_मावशी

सैनिक भाऊ, "आनंद करा" लिहिणारा पौल स्वतः तेव्हा कैदेत होता, आणि त्याच पौलाने रोमकरांना लिहिलंय की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. ते पण वचनच आहे की.

बाळा, तुझं वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. आमचे हे गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. नोव्हेंबरात गेले आणि महिन्याभरात नाताळ. मला पण दोन्ही बाजूंनी सल्ले. सासरकडचे म्हणाले करंजी तळू नका, माहेरकडचे म्हणाले तळा. शेवटी मी काय केलं तर तळल्या, पण नेहमी शंभर-सव्वाशे करायचे तिथं अकरा केल्या, का अकरा ते विचारू नको, तेवढंच सारण झालं. एक खाल्ली आणि ओट्याला टेकून रडले. शेजारची तेलुगू बाई आली, तिने काही विचारलं नाही, उरलेलं पीठ मळून ठेवलं, झाकलं आणि गेली.

आपल्यात सुतक पाळत नाहीत हे काका म्हणतात ते खरं आहे. पण दणक्यातच करा असं पण कुठं लिहिलेलं नाही. बायबलात लूकच्या दुसऱ्या अध्यायात, येशूच्या जन्माच्या गोष्टीत, आपण मेंढपाळांपर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो, पुढं वाचतच नाही. पुढं मंदिरात हन्ना आहे बघ. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला आणि आता चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी. रात्रंदिवस मंदिरात उपासतापास आणि प्रार्थना. म्हणजे पहिल्या नाताळच्या गोष्टीत एक विधवा बाई आहे, पण आमच्या संडे स्कूलच्या नाटकात तिला कधी पार्ट मिळत नाही, उंटाला मिळतो! आणि तिथंच तो म्हातारा शिमोन बाळाला हातात घेऊन म्हणतो की आता मला शांतीने जाऊ दे, आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. शांती आणि तलवार एकाच बैठकीत. मला अकरा वर्षांपूर्वी हे कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आईला विचारलंस का चांदणीचं? काका, शेजारी, ते ज्येष्ठ, सगळ्यांचं मत लिहिलंस, आईचं नाही लिहिलंस.

आणि त्या ज्येष्ठांना माझ्याकडून सांग, मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशू रडला. त्याचा विश्वास कमी होता काय?

---

बाळीवेस_किरण

मी हिंदू आहे, लिहू का नको विचार करत होतो. शेजारच्यांची बाजू सांगतो. आमच्यात घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, पण पहिल्या सणाला भावकी आणि शेजारीच त्या घरी गोडधोड घेऊन जातात, जबरदस्ती तोंड गोड करतात, की बाबांनो आता हळूहळू बाहेर या. तुमच्या शेजाऱ्यांनी "सण नसणार" म्हणलं ते टोमणा म्हणून नसेल ओ. कदाचित विचारत असतील की आम्ही काय आणायचं. त्यांना पण कळत नसेल तुमच्यात काय चालतं.

आमच्या गल्लीत एक ख्रिश्चन सर होते, त्यांच्याकडून नाताळला ताट यायचं, करंजी शंकरपाळी चकली, आणि आम्ही पोरं म्हणायचो यांची दिवाळी आपली संपल्यावर येते, लै भारी. ते वारल्यावर ताट बंद झालं आणि आम्ही पण काही नेऊन दिलं नाही. आता वाईट वाटतं.

शांतीचं मला काही सांगता येणार नाही. माझी आजी सिद्धेश्वराच्या देवळात जायची, काही मागायची नाही म्हणायची, तळ्याकडे तोंड करून नुसती बसायची आणि यायची. एवढंच.

---

कडकभाकरी

भावा, प्रवचन नको म्हणालास म्हणून जपून लिहितो, मी संडे स्कूल शिकवतो त्यामुळे सवय आहे, लांबलं तर माफ कर.

पहिली गोष्ट, बायबलमध्ये शांतीला जो हिब्रू शब्द आहे शालोम, त्याचा अर्थ गप्प, निवांत, टेन्शन नाही असा नाही. पूर्ण असणं, धड असणं असा आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर माग बंद करून शांतता केली ती शांती नाही, तुटलेला धागा सांधून माग परत चालू झाला ती शांती. आवाज तर होणारच की, मागाचा आवाज.

दुसरी गोष्ट, एलीया. एवढा मोठा संदेष्टा, पण एका दिवशी रानात झुडपाखाली बसून म्हणाला बास, आता मला मरण दे. देवाने त्याला काय दिलं? वचन नाही, झापलं पण नाही. आधी झोप दिली. मग दूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. खाऊन परत झोपला, परत उठवलं, परत खायला घातलं, की वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. देवाची मंद वाणी वगैरे पुढं आली, चाळीस दिवस चालल्यावर. आधी भाकर. (माझं युजरनेम त्यावरूनच आहे, शेंगाचटणीवरून नाही.) त्यामुळे तू मेणबत्तीसमोर उभा राहून बिल मोजत होतास त्यात देवाला काही धक्का बसला असेल असं मला वाटत नाही. आणि स्तोत्र ८८ वाच एकदा, पूर्ण स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी "पण तरीही" असं काही येत नाही. ते पण पवित्र शास्त्रातच ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तू पुण्याहून येताना केडगाव लागतं ना दौंडच्या अलीकडे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. त्या बाईंनी काय काय पाहिलं बघ. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्न झालं तर दोन वर्षं पण संसार नाही, १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आता आपल्याला वाटतं की झालं, मिळाली शांती. नाही! त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं मला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विद्वान बाई, पंडिता पदवी मिळवलेली, आणि सरळ सांगते की आठ वर्षं मन भरलं नाही. आणि पुढे पण सगळं गोड झालं असं नाही, मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. तशाही अवस्थेत त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू राहिलं, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. मी केडगावला दोनदा गेलोय, तिथं उभं राहिलं की आपली घाई जरा कमी होते.

म्हणून तुला चार महिन्यात शांती मिळाली नाही तर तू काही नापास झाला नाहीस.

माझं विचारशील तर, मला ती कधी शोधून सापडली नाही. बायकोचं दुसरं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसून प्रार्थना करायचा प्रयत्न करत होतो आणि एक शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात आमच्या चर्चच्या एक बाई आल्या, डब्यात भात आणि आमटी घेऊन. म्हणाल्या तू खा, प्रार्थना मी करते. मी खरंच खाल्लं. आमटी खारट होती. पण त्या दिवशी जे आत उतरलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

---

प्रभुचा_सैनिक

कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. माझी आई गेल्यावर मला हेच वचन कुणीतरी सांगितलं होतं आणि तेव्हा मला राग आलेला. आत्ता आठवलं. सॉरी भाऊ.

---

नाइट_ड्यूटी_सिस्टर

मी नर्स आहे, वरचं सगळं पटलं, फक्त एक. रात्री दोनला जाग येते आणि चार महिने झाले, हे अंगावर काढू नका. देवावर विश्वास असला तरी डॉक्टरकडे जायला हरकत नसते, शुगर असली तर गोळी घेतोच ना आपण. फॅमिली डॉक्टरला दाखवा, आणि रात्री फारच जड वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फ्री आहे, मराठीत बोलता येतं. आईचं पण बघा, गुडघा गुडघा म्हणतात त्यात बऱ्याचदा दुसरंच दुखत असतं, पण गुडघा पण तपासा, खरंच दुखत असेल तर? आणि चहा सहानंतर बंद.

---

जॉबरचा_पोरगा (१७ डिसेंबर)

सगळ्यांना थँक्यू. मावशी, तुमचं बरोबर आहे, आईला विचारलंच नव्हतं. काल विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुला त्रास होईल म्हणून मी गप्प होते." म्हणजे चार दिवस आम्ही दोघं एकमेकांना जपत बसलो आणि सांगाडा माळ्यावर.

कागद आणायला नवी पेठेत जातो आज. डॉक्टरची अपॉइंटमेंट शनिवारी.

---

रेल्वेलाइन्सची_मावशी

कागद चिकटवायला खळ घरी शिजव, मैद्याची, किंचित मोरचूद टाक म्हणजे कीड लागत नाही. हात धू नंतर, विषारी असतं.

---

जॉबरचा_पोरगा (२७ डिसेंबर)

मावशी कडकभाकरी आणि सगळेच, सांगायचं होतं काय झालं ते, जरा मोठं होईल.

चांदणी केली. पहिल्या दिवशी कागद वाकडा बसला, आईने सगळा फाडून काढला, म्हणाली त्यांनी बघितलं असतं तर हसले असते. दुसऱ्यांदा तिने कापला, मी चिकटवला. लाल आणि पिवळा. पाच कोनातला एक कोन अजून पण जरा दबलाय.

कॅरोल पार्टीला आम्ही निरोप पाठवला होता की यंदा आमच्याकडे येऊ नका. २३ ला रात्री साडेअकराला आली तरी. पण ढोलकी वाजली नाही, गेटबाहेरच उभी राहिली पोरं, स्वेटर मफलर घालून, आणि फक्त पेटीवर एक गाणं हळू आवाजात म्हणलं. त्यातला एकजण म्हणाला, काकू, आम्ही आत येत नाही, फक्त अंकलना दरवर्षी हे लागायचं म्हणून. आईने सगळ्यांना आत ओढलं. बावीस जण, कप नऊच, पाळीपाळीने चहा. निघताना एकाने ढोलकीवर उगाच एक थाप मारली आणि दुसऱ्याने त्याच्या डोक्यात टपली मारली, आणि आई हसली. ऑगस्टनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

२५ ला सकाळी आई उपासनेला आली. शेवटच्या बाकावर बसलो, पप्पांच्या जागी. ते ज्येष्ठ आले, आईच्या शेजारी बसले, काही बोलले नाहीत. मला पण काही बोलावंसं वाटलं नाही. आता हे ऐका. संडे स्कूलच्या पोरांचं नाटक होतं आणि मेंढपाळ आले, डोक्याला टॉवेल बांधून. मला माहीतच होतं पण विसरलो होतो, ते टॉवेल आमचेच. कारखान्यातला सेकंड माल, कडेला धागा सुटलेला, डिझाइन चुकलेलं, पप्पा दरवर्षी दोन-चार आणून द्यायचे चर्चला मेंढपाळांसाठी. निळ्या पट्टीचा एक होता त्याच्यात पट्टी मध्येच तुटली होती, तो मागाचा फॉल्ट, पप्पांनी मला लहानपणी दाखवलेला की बघ इथं धागा तुटला आणि इथं परत जोडला. आणि तो टॉवेल एका पाच-सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर, त्याला सर्दी झालेली, आणि देवदूत मोठमोठ्याने सांगतोय भिऊ नका, आणि हा त्या टॉवेलच्या टोकाने नाक पुसतोय.

मी रडलो पण आणि हसलो पण, आवाज निघाला, पुढचे मागे वळून बघायला लागले. आईने माझा हात धरला, तिचे पण डोळे भरलेले. तुम्ही विचाराल हीच का शांती, तर मला नाही माहीत. बिल आठवलं नाही तेवढा वेळ, एवढं नक्की. प्रवचन काय झालं ते पण आठवत नाही, पाळक साहेबांना सांगू नका.

त्या रात्री साडेपाचपर्यंत झोपलो. काल परत दोनला जाग आली. पण उठून गच्चीवर गेलो, थंडी होती, चांदणी चालू राहिली होती, तिच्याखाली बसलो जरा वेळ. प्रार्थना केली, दोन वाक्यात.

किरण दादा, शेजारच्या काकू २५ ला दुपारी आल्या, पुरणपोळी घेऊन. तुम्ही म्हणालात तसंच, त्यांना कळत नव्हतं काय आणायचं. आम्ही करंज्या दिल्या. यंदा चाळीसच केल्या.

एकच प्रॉब्लेम राहिला. ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब दोन-तीन दुकानात विचारला, नाही मिळाला, सगळे एलईडीच देतात. नऊ वॅटचा लावलाय पण पांढराफट्ट पडतो, आई म्हणते चांदणी कसली, ट्यूबलाइट टांगल्यासारखी दिसते. ३१ च्या वॉच नाइटच्या (वर्षाच्या शेवटच्या रात्रीची उपासना) आत बदलायचाय. कुठे मिळेल?

---

बाळीवेस_किरण

एलईडीच घ्या पण "वॉर्म व्हाइट" म्हणून मागा. पिवळा द्या म्हणलं की डेकोरेशनचा झिरोचा बल्ब देतात ओ. आणि पाच वॅटच्या वर नको, कागद पातळ आहे. माझ्याकडे एक जादा पडलाय, उद्या संध्याकाळी पार्क चौकात आहे मी, यायचं असेल तर सांगा.

---

जॉबरचा_पोरगा

येतो दादा. करंज्या आणतो, आठ उरल्यात.